पोर्टलंडचे ७८ दिवस

सुपारी ठरली साडेसहा हजार डॉलरची. शेवटी कोर्टानं वसूल केले एक लाख साठ हजार. या दोन आकड्यांच्या मधे ७८ दिवस आहेत. ते सुरू होतात अमेरिकेच्या पोर्टलंड शहरातल्या एका घरात आणि संपतात त्याच शहरातल्या कोर्टात. मधे डेट्रॉइट येतं, नॉर्वे येतं, ऑलिंपिक येतं.

अमेरिकन फिगर स्केटर टोन्या हार्डिंगची गोष्ट सांगणारे बहुतेक जण डेट्रॉइटमध्ये तिच्या प्रतिस्पर्धी स्केटरच्या पायावर बसलेल्या त्या एका फटक्यापाशी येऊन थांबतात. पण फटका तिनं मारला नव्हता, आणि त्या फटक्याबद्दल कोर्टानं तिला शिक्षाही केली नाही. शिक्षा झाली ती नंतर लपवलं त्याची. म्हणून इथलं उलटं घड्याळ फटक्यापाशी थांबत नाही. ते शून्यावर येतं कोर्टात.

१,१२४ दिवस बाकी
शनिवार, १६ फेब्रुवारी १९९१. मिनियापोलिस.

अमेरिकेची राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा. वीस वर्षांची, जेमतेम पाच फुटांची टोन्या बर्फावर वेग घेते, डाव्या पायावर समोर तोंड करून उडते, हवेत साडेतीन गिरक्या घेते आणि उजव्या पायावर पाठमोरी उतरते. हा ट्रिपल ॲक्सेल. बाकीच्या उड्या पाठमोऱ्या घेतात, ॲक्सेल तेवढी समोरून. उतरायचं मात्र पाठमोरंच, म्हणून अर्धी गिरकी जास्त. हवेत मिळतो एका सेकंदाहून कमी वेळ. स्पर्धेत ही उडी साधणारी पहिली स्त्री जपानची मिदोरी इतो. टोन्या दुसरी आणि अमेरिकेची पहिली. उतरल्यावर पुढची हालचाल सुरू व्हायच्या आतच तिच्या मुठी आवळलेल्या दिसतात.

तांत्रिक गुणांमध्ये तिला ६.० मिळाले, म्हणजे पैकीच्या पैकी. क्रिस्टी यामागुची दुसरी, नॅन्सी केरिगन तिसरी. पुढच्याच महिन्यात म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत यामागुची पहिली, टोन्या दुसरी आणि नॅन्सी तिसरी आली. तिन्ही पदकं एकाच देशाच्या मुलींनी नेण्याची ती पहिलीच वेळ.

टोन्या पोर्टलंडची. आई हॉटेलात वेट्रेस, फावल्या वेळात मुलीचे स्केटिंगचे कपडे शिवायची. वडिलांनी पोरीला शिकार आणि गाडीची दुरुस्ती शिकवली. तिला दमा होता, शाळा अर्ध्यावर सुटली. एकोणिसाव्या वर्षी जेफ गिलुलीशी लग्न झालं. मग मारहाणीच्या तक्रारी, कोर्टाचा मनाई हुकूम आणि १९९३ मध्ये घटस्फोट. घटस्फोटानंतर थोड्याच दिवसांत दोघं पुन्हा एका छताखाली राहू लागले.

नॅन्सीला पुढे सगळ्यांनी राजकन्या करून टाकलं, पण तीही काही सोन्याचा चमचा तोंडात घेऊन आलेली नव्हती. वडील वेल्डर. मुलीच्या शिकवणीचे पैसे भागावेत म्हणून ते रिंकवर बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवायचे. आईची दृष्टी जवळजवळ गेलेली. मुलगी टीव्हीवर दिसली की ती काचेला नाक लावून बसायची. दोन कष्टकरी घरांतल्या दोन मुली. फरक एवढाच, की जजना हवी तशी दिसण्याची कला एकीला साधली आणि दुसरीला ती शिकायचीच नव्हती.

१९९२ च्या ऑलिंपिकमध्ये नॅन्सीला कांस्यपदक मिळालं आणि टोन्या चौथी आली. १९९३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत नॅन्सी पहिली, टोन्या पुन्हा चौथी. जागतिक स्पर्धेचं तिकीटही हुकलं. एरवी पुढच्या ऑलिंपिकसाठी चार वर्षं थांबावं लागलं असतं आणि तोवर दोघीही बहुधा निवृत्त झाल्या असत्या. पण हिवाळी आणि उन्हाळी ऑलिंपिक वेगवेगळ्या वर्षी भरवायचं ठरलं होतं, त्यामुळे नॉर्वेतलं लिलेहामर दोनच वर्षांत आलं. नशिबानं दुसरं दार उघडलं होतं. अमेरिकेच्या मुलींना त्यात जागा होत्या फक्त दोन.

डिसेंबर १९९३ मध्ये जपानच्या एनएचके ट्रॉफीत टोन्या परत चौथी आली. जज टोन्याला वर येऊच देत नाहीत, असं गिलुलीच्या मनानं घेतलं.

७८ दिवस बाकी
मंगळवार, २८ डिसेंबर १९९३. पोर्टलंड.

चार पुरुष एका खोलीत बसले आहेत. गिलुली. त्याचा मित्र शॉन एकार्ट, वय २६, टोन्याचा अंगरक्षक. हा आईवडिलांच्या घरी राहतो, 'वर्ल्ड बॉडीगार्ड सर्व्हिसेस' नावाची कंपनी चालवतो आणि अतिरेक्यांचा माग काढल्याच्या बढाया मारतो. तिसरा डेरिक स्मिथ आणि चौथा त्याचा भाचा शेन स्टँट, वय २२. मामा-भाचे दोघं यासाठीच ॲरिझोनाहून आले आहेत.

नॅन्सीला ऑलिंपिकपासून रोखायला काय करायचं, यावर चर्चा होते. गिलुलीच्या जबाबानुसार जीव घेण्यापासून घोट्यामागची शीर कापण्यापर्यंत सगळं बोलून झालं. शेवटी ठरलं, उजवा पाय. कारण अगदी धंदेवाईक होतं. नॅन्सी उडते डाव्या पायावर आणि उतरते उजव्यावर. सगळ्या शरीराचा भार, गिरकीच्या वेगासकट, त्या एका गुडघ्यावर येतो. तो गेला की उडी गेली, आणि उडी गेली की ऑलिंपिक गेलं. हे कळायला स्केटिंग जवळून पाहिलेलं असावं लागतं, आणि त्या खोलीत तसा माणूस एकच होता.

ही सगळी बैठक एकार्टनं गुपचूप टेप केली. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून.

७२ दिवस बाकी
सोमवार, ३ जानेवारी १९९४. केप कॉड, मॅसॅच्युसेट्स.

नॅन्सीचा सराव साउथ डेनिस गावातल्या टोनी केंट अरिनात चालतो. नववर्षाच्या सुमारास स्टँट तिथल्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला. कोणाला संशय यायला नको म्हणून गाडी थोड्या थोड्या वेळानं इकडून तिकडे हलवत होता. नॅन्सी काही दिसली नाही. शेवटी कळलं की ती स्पर्धेसाठी डेट्रॉइटला जायची आहे.

हल्लेखोर बसमध्ये बसला. वीसेक तासांचा प्रवास. जवळ एकात एक सरकणारा दांडा, घडीच्या छत्रीसारखा. झटका दिला की लांब होणारा. एवढ्या तासांत कोणीही एक फोन करून हे थांबवू शकला असता. डेट्रॉइटला मामा भाच्याला येऊन मिळाला.

६९ दिवस बाकी
गुरुवार, ६ जानेवारी १९९४. डेट्रॉइट.

दुपार. कोबो अरिनात सराव चालू आहे. स्पर्धा शेजारच्या जो लुई अरिनात, इथे फक्त सराव. नॅन्सीनं पांढरा लेसचा ड्रेस घातला आहे. गेल्या वर्षीची राष्ट्रीय विजेती म्हणून सगळ्यांची नजर तिच्यावर.

२ वाजून ३५ मिनिटं. सराव संपवून ती बर्फावरून बाहेर येते, निळ्या पडद्यामागच्या बोळात शिरते. एक वार्ताहर तिच्याशी बोलायला पुढे होते. त्याच क्षणी मागून एक धिप्पाड माणूस येतो, वाकतो आणि उजव्या गुडघ्याच्या किंचित वर दांडा हाणतो. एकच फटका.

तो पळत सुटतो. समोरची प्लेक्सिग्लासची दारं साखळीनं बंद. तो डोक्यानं धडक देऊन खालची काच फोडतो आणि बाहेर पडतो. बाहेर मामा गाडी चालू ठेवून बसलेला.

काही सेकंदांत कॅमेरा बोळात पोहोचतो. त्यात फटका नाही, नंतरचं आहे. नॅन्सी जमिनीवर, गुडघा धरून, "का? का? का?" म्हणून रडते आहे. पुढे मासिकांनी 'मीच का?' असं छापलं. टेपवर 'मीच' नाही, नुसतं 'का' आहे. वडील पुढे येऊन तिला लहान मुलीसारखं दोन्ही हातांवर उचलून नेतात.

आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

रुग्णालयात एक्स-रे निघतात. हाड मोडलेलं नाही, मांडी आणि गुडघा जबरदस्त मुकामार लागून सुजले आहेत. फटका दोन बोटं खाली बसला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

६७ दिवस बाकी
शनिवार, ८ जानेवारी. डेट्रॉइट.

नॅन्सी स्पर्धेबाहेर. टोन्या राष्ट्रीय विजेती. तेरा वर्षांची मिशेल क्वान दुसरी. निवड समिती मात्र दुसरी जागा क्वानला न देता जखमी नॅन्सीला देते. म्हणजे ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला, ते फळ दोनच दिवसांत निम्मं गळून पडलं. नॅन्सी ऑलिंपिकला जाणार होती.

पोर्टलंडमध्ये एकार्टच्या पोटात गुपित राहीना. त्यानं ती टेप आपल्या वर्गातल्या एका तरुण पाद्रीला ऐकवली होती. आवाज धड कळत नव्हता, पण पाद्रीला जे कळलं तेवढं पुरेसं होतं. त्यानं ते योग्य माणसांपर्यंत पोहोचवलं. इकडे डेट्रॉइटच्या पोलिसांनाही एका बाईचा निनावी फोन आला.

६५ दिवस बाकी
सोमवार, १० जानेवारी. पोर्टलंड.

माझ्या मते ही या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची तारीख, आणि हिच्याकडे कोणी फारसं पाहत नाही.

टोन्या आणि गिलुली घरी परतले आहेत. गळ्यात सुवर्णपदक, हातात ऑलिंपिकचं तिकीट. त्या दिवशी टोन्या, गिलुली आणि एकार्ट मिळून चौकशीत काय सांगायचं ते ठरवतात. एक खोटी गोष्ट. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सार्वजनिक फोनवरून स्मिथला फोन होतात, त्यानंही तेच सांगावं म्हणून. हे तर्क नाहीत. नऊ आठवड्यांनी टोन्या स्वतः कोर्टात हे कबूल करणार आहे.

कट तिला आधी ठाऊक होता की नव्हता, यावर आजही वाद होतो. समजा, नव्हता. समजा, तिला सगळं घरी आल्यावर कळलं. तरी त्या सोमवारी तिच्या हातात दोन रस्ते होते. सरळ पोलिसांकडे जाऊन माजी नवऱ्याचं नाव सांगितलं असतं तर ती ऑलिंपिकला कदाचित लोकांच्या सहानुभूतीत गेली असती. तिनं दुसरा रस्ता धरला.

६२ दिवस बाकी
गुरुवार, १३ जानेवारी.

एफबीआयसमोर एकार्टनं सगळं ओकलं. आदल्या दिवशी कबुली, आज अटक. स्मिथही अटकेत. दुसऱ्या दिवशी स्टँट फीनिक्समध्ये स्वतःहून हजर होतो. फोनची बिलं आणि बँकेतून काढलेल्या पैशांच्या नोंदी एकमेकांशी तंतोतंत जुळतात. चार हुशार माणसांनी कट केला असता तर शोधायला महिने लागले असते. इथे आठवडा पुरला.

५७ दिवस बाकी
मंगळवार, १८ जानेवारी. पोर्टलंड.

टोन्या वकिलांसह एफबीआयसमोर बसते.

पहिले काही तास ती ठरलेलीच गोष्ट सांगत राहते. समोरचे अधिकारी ऐकून घेतात. त्यांच्यापाशी एकार्टची कबुली आहे, आणि ती तिला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. बऱ्याच वेळानं ते स्पष्ट सांगतात, की तुम्ही खोटं बोलता आहात आणि खोटा जबाब हा स्वतंत्र गुन्हा आहे.

खोलीतली हवा बदलते. वकिलांशी बोलणं होतं. मग ती गिलुलीचं नाव घेते. दहा तासांहून जास्त वेळ चाललेला तो जबाब संपतो तेव्हा रात्र झालेली असते. त्याच दिवशी ती जाहीर करते, की आपण गिलुलीपासून वेगळे होत आहोत. दुसऱ्या दिवशी त्याला अटक होते.

खरं बाहेर आलं, पण खोटं आधी सांगून झालं होतं. कायद्याच्या लेखी ते आधीचे तासच मोजले जाणार होते.

४८ दिवस बाकी
गुरुवार, २७ जानेवारी.

पत्रकारांसमोर टोन्या कागद वाचते. राष्ट्रीय स्पर्धेहून घरी आल्यावर मला काही गोष्टी कळल्या, त्या मी वेळेवर सांगितल्या नाहीत, एवढा माझा दोष. हल्ल्याची आधी कल्पना नव्हती. गिलुलीचा जबाब नेमका उलटा आहे. त्याच्या मते तिला सगळं माहीत होतं.

४५ दिवस बाकी
रविवार, ३० जानेवारी. पोर्टलंड.

डॉकसाइड नावाच्या एका छोट्या खानावळीच्या मालकिणीला आपल्या कचराकुंडीत कोणाचा तरी परका कचरा दिसतो. फुकट कचरा टाकणारा कोण, हे पाहायला ती पिशवी उघडते. आत स्केटिंग संघटनेची कागदपत्रं आणि एक चिठोरं. त्यावर हातानं लिहिलंय 'ट्यूनी कॅन अरिना'. नॅन्सीच्या सरावाची जागा, ऐकीव उच्चारावरून चुकीची लिहिलेली. तज्ज्ञांनी ते अक्षर टोन्याचं ठरवलं.

दोन दिवसांनी गिलुली गुन्हा कबूल करतो आणि टोन्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार होतो.

३२ दिवस बाकी
शनिवार, १२ फेब्रुवारी.

अमेरिकेची ऑलिंपिक समिती तिला रोखायच्या विचारात आहे. टोन्या अडीच कोटी डॉलरचा दावा ठोकते. तडजोड होते: ती नॉर्वेला जाणार. घराजवळच्या मॉलमधल्या रिंकवर तिच्या सरावाभोवती कॅमेऱ्यांची गर्दी उसळते. पाच दिवसांनी नॉर्वेत दोघी एकाच बर्फावर सरावाला उतरतात. नॅन्सीनं त्या दिवशी मुद्दाम तोच पांढरा लेसचा ड्रेस घातलेला असतो. ती एक शब्द बोलत नाही. ड्रेस बोलतो.

१९ दिवस बाकी
शुक्रवार, २५ फेब्रुवारी. हामार, नॉर्वे.

दोन दिवसांपूर्वीचा टेक्निकल प्रोग्राम, म्हणजे स्पर्धेचा पहिला भाग, अमेरिकेतल्या निम्म्याच्या आसपास घरांनी पाहिला होता. नॅन्सी पहिली, टोन्या दहावी. आज दुसरा भाग, फ्री स्केटिंग.

टोन्याच्या नावाचा पुकारा होतो. ती नाही. नियमानं दोन मिनिटं. आतल्या बाजूला ती बुटाच्या नाडीशी झगडते आहे. नाडी तुटलेली, बदली नाडी हवी तेवढी लांब नाही. शेवटची काही सेकंदं उरली असताना ती धावत बर्फावर येते. संगीत सुरू होतं, पहिली उडी फसते, ती थांबते. रडत जजच्या टेबलापाशी जाते आणि उजवा पाय उचलून टेबलावर ठेवते. बघा, नाडी.

नॅन्सीच्या उजव्या पायापासून सुरू झालेली गोष्ट टोन्याच्या उजव्या पायाशी येऊन टेकली होती.

जज तिला नंतर पुन्हा उतरू देतात. ती आठवी येते. सुवर्ण युक्रेनच्या सोळा वर्षांच्या ओक्साना बायुलला, तेही नऊ जजांपैकी पाचांच्या कौलानं. रौप्य नॅन्सीला. सात आठवड्यांपूर्वी बोळात पडलेल्या त्या मुलीनं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं स्केटिंग त्या रात्री केलं.

शून्य
बुधवार, १६ मार्च १९९४. मल्टनोमा काउंटी कोर्ट, पोर्टलंड.

टोन्या न्यायाधीशांसमोर गुन्हा कबूल करते: तपासात अडथळा आणण्याचा कट. तीन वर्षं देखरेखीखाली, ५०० तास समाजसेवा, एक लाख डॉलर दंड, पन्नास हजार स्पेशल ऑलिंपिक्सला, दहा हजार खटल्याच्या खर्चापोटी. तुरुंग नाही. स्केटिंग संघटनेचा राजीनामा मात्र तिथल्या तिथे. ज्या जागतिक स्पर्धेसाठी ती निघणार होती, ती तिच्याविनाच झाली. गिलुलीला दोन वर्षांची शिक्षा झाली, बाकी तिघांना दीड-दीड वर्षाची.

३० जूनला संघटनेच्या शिस्तपालन समितीनं निष्कर्ष काढला, की हल्ल्याची तिला आधी कल्पना होती. तिचं १९९४ चं विजेतेपद काढून घेतलं आणि आजन्म बंदी घातली. टोन्या तो निष्कर्ष मान्य करत नव्हती.

गरिबी, मारकुटा नवरा, नाक मुरडणारे जज हे सगळं खरं आहे. १९९० च्या दशकातल्या अमेरिकेनं तिची यथेच्छ टिंगल केली, तीही खरीच. पण गुडघ्यावर पडलेला फटका यातल्या कशानंही माफ होत नाही, आणि १० जानेवारीला घेतलेला निर्णय तिचा स्वतःचा होता. हवेतल्या सेकंदभरात तीन गिरक्या आणि वर अर्धी अचूक मोजणाऱ्या मुलीला खरं बोलायला आठ दिवस मिळाले होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विजेत्यांच्या यादीत १९९४ साली महिलांच्या रकान्यात आज कोणाचंच नाव नाही. १९९१ च्या रकान्यात तिचं आहे.